इजिप्तचं लाकूड आधी उलटं करून बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ट्यूरिनच्या संग्रहालयात इजिप्तच्या खुर्च्या, पलंग, पेटारे पाहून आलात, तर वाळवंटी देशात एवढं लाकूड आलं कुठून? गावाकडच्या वाड्याच्या तुळया शंभर वर्षांत वाळवीनं पोखरल्या, मग हे साडेतीन हजार वर्षं टिकलं कसं? आणि बोटीवर नोकरीला असलेल्या आजोबांनी पोर्ट सैदहून आणलेली, ममीच्या आकाराची वीतभर लाकडी बाहुली खरी असेल का, कार्बन चाचणी करून घ्यावी का? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोन्हींत दडलेलं आहे, म्हणून बाहुलीला शेवटी हात घालतो.

लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. त्यातली बहुतेक वर्षं कोरीव खांब, देव्हारे, पालख्या यांत गेली. मधे दीडेक वर्ष युरोपातल्या एका प्रयोगशाळेत इजिप्तच्या शवपेट्यांवर काम करायला मिळालं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका पेटीचं झाकण ठेवलं होतं. पिवळाधमक रंग, वरून चकाकणारं रोगण, छातीवर पंख पसरलेली नूत ही आकाशदेवी, बोटभर जागा मोकळी नाही. मी भारावून बघत राहिलो. मग आम्ही चौघांनी मिळून ते उलटं केलं. मागची बाजू थेट आमच्या आळीतल्या सुतारानं भंगारातून ठोकलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यासारखी होती.

छातीच्या भागात, माझ्या पसरलेल्या पंजाखाली मावेल एवढ्या जागेत, मी सात वेगळे तुकडे मोजले. एकाच्या शिरा उभ्या, शेजारच्याच्या आडव्या. गाठ निखळून पडलेल्या भोकात लाकडी बूच ठोकलेलं. दोन फळ्यांमधली फट उघडू नये म्हणून तिच्यावर डमरूच्या आकाराची पट्टी खोचून बसवलेली. उरलेल्या भेगा चिखलात काड्याकुड्या कालवून लिंपलेल्या, आणि एका ठिकाणी त्या लिंपणावर अंगठा दाबल्याचा खळगा. खळग्याच्या शेजारी एक खाच होती, पण तिच्यात बसणारं कुसू पेटीत कुठेच नव्हतं. म्हणजे ती फळी आधी दुसऱ्याच कशाचा तरी भाग होती.

असं झाकण एखाददुसरंच असतं असं समजू नका. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात नेसपावेर्शेफित नावाच्या गृहस्थाच्या शवपेट्यांचा संच आहे. तो इ.स.पू. १०००च्या आसपासचा, आणि संग्रहालयाकडे आला १८२२ साली. २०१६च्या प्रदर्शनाच्या तयारीत त्यातली आतली पेटी रुग्णालयातल्या सीटी स्कॅनखाली घातली, तेव्हा ती आधीच्या जुन्या पेटीचे तुकडे जोडून केलेली निघाली. आतल्या झाकणावर कारागिरांच्या बोटांचे ठसेही आहेत, रोगण वाळायच्या आधीच कोणीतरी ते उचललं होतं. गंमत म्हणजे हे गृहस्थ कर्णकच्या मंदिरातल्या कारागिरांच्या कारखान्यांवरचे देखरेख अधिकारी होते. कारखान्याच्या साहेबालाही नवी फळी मिळाली नाही!

हे समजलं की पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. एवढं लाकूड त्यांच्याकडे नव्हतंच. जे होतं ते पुरवून पुरवून वापरलं.

झाडं अर्थातच होती. नाईलच्या काठानं बाभूळ होती, आणि ती अगदी आपलीच. शास्त्रीय नावातलं ‘निलोटिका’ म्हणजे नाईलची. देशावर ज्या बाभळीचे नांगर आणि बैलगाडीची चाकं होत, त्याच जातीपासून तिकडे होड्या आणि खुंट्या होत. उंबराच्या जवळच्या नात्यातलं सिकॅमोर नावाचं झाड होतं, झाऊ होता, बोरीची एक जात होती, नदीकाठी विलो होता. बकुळीच्या कुळातलं पर्सिया होतं. खजूर आणि डूम ताडही होते, पण ताडामाडाच्या खोडाला वर्षवलयं नसतात, सगळा तंतूंचा जुडगा. छपराला वासा म्हणून ठीक, फळी काढायला गेलात तर पिंजून येतं.

अडचण अशी की यातल्या जवळजवळ कुठल्याच झाडापासून लांब, सरळ फळी निघत नाही. बाभळीचं लाकूड टणक आणि टिकाऊ, पण खोड आखूड, वाकडं, गाठाळ. सिकॅमोर भरपूर वाढतो, पण लाकूड हलकं, भरड, पिवळट, आणि किड्यांना आवडणारं. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं इजिप्तच्या होड्यांचं वर्णन केलंय: बाभळीचे दोन-दोन हात लांबीचे तुकडे कापतात आणि विटा रचाव्यात तसे रचून होडी बांधतात. बरीच वर्षं विद्वानांना ही थाप वाटायची. मग इजिप्तच्याच किनाऱ्याला, अबू किरच्या उपसागराच्या तळाशी थोनिस-हेराक्लिओन या बुडालेल्या शहरापाशी अनेक जहाजं सापडली. त्यांतल्या सतरा नंबरच्या जहाजाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बाभळीच्या जाड, आखूड फळ्या, विटांसारख्या सांधे चुकवून लावलेल्या, लांबच लांब कुसवांनी एकमेकींत ओवलेल्या. हिरोडोटसनं डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिलं होतं. आखूड लाकडातून लांब वस्तू करायची ही पद्धत होडीत आहे, तीच पलंगात आहे आणि तीच त्या झाकणाच्या पाठीवर आहे.

लांब फळी हवी असेल तर ती लेबनॉनहून यायची. जुन्या राजांच्या वर्षावर्षाच्या नोंदी कोरलेल्या पालेर्मो शिलालेखात स्नेफेरू राजाच्या एका वर्षाची नोंद आहे: देवदाराच्या कुळातल्या सीडरच्या लाकडानं भरलेली ४० जहाजं आली. त्याच्या मुलाची, खुफूची, होडी १९५४ साली मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याशी एका खड्ड्यात सापडली. सुटे केलेले १,२२४ तुकडे, मुख्यतः लेबनॉनचं सीडर. अहमद युसुफ या संवर्धकानं वर्षानुवर्षं खपून ती पुन्हा जुळवली. लांबी ४३ मीटरहून जास्त, आणि फळ्या एकमेकींना दोरीनं शिवलेल्या. २०२१च्या ऑगस्टमध्ये ती अखंड उचलून नव्या मोठ्या संग्रहालयात नेली. एवढ्या लांबीची फळी राजाच्या होडीला मिळते. कारकुनाच्या शवपेटीला मिळत नाही.

पुढे राजाची पतही उतरली. इ.स.पू. ११व्या शतकातली वेनामून नावाच्या अधिकाऱ्याची हकीकत पपायरसवर टिकली आहे. ती खरी की रचलेली यावर वाद आहे, पण आपल्या कामाला दोन्ही चालतील. हा माणूस आमून देवाच्या नावेसाठी लाकूड आणायला लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या बिब्लोस शहरात गेला. तिथल्या राजानं रोख सांगितलं की आधी पैसे. वर आपल्या बापजाद्यांच्या वह्या मागवून, इजिप्तनं पूर्वी किती चांदी मोजली होती ते वाचून दाखवलं. शेवटी इजिप्तहून सोनं, चांदी, कापड, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, २० पोती मसूर आणि ३० टोपल्या मासे आले, तेव्हा कुठे कुऱ्हाड चालली. माझ्या मते लाकूड या विषयावरचा जगातला सगळ्यात खरा वाटणारा दस्तऐवज हाच. वखारीत घासाघीस केलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

दक्षिणेकडून यायचा तो काळा आबनूस. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो आजचा आबनूस नव्हे, तर आपल्या शिसवीच्या वंशातलं आफ्रिकी झाड आहे. इजिप्तचे लोक त्याला ‘हबनी’सारखं काहीतरी म्हणत. तोच शब्द ग्रीकांनी उचलला, फारसीत जाऊन ‘आबनूस’ झाला आणि आपल्या दारी आला. आपल्याकडून गेलेलं लाकूडही तिथे सापडतं, फक्त बऱ्याच उशिराचं. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात १९९४पासून उत्खनन चाललंय. तिथे रोमन काळातल्या घरांच्या भिंतींत चक्क सागाची लाकडं निघाली. मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्या असाव्यात असा अंदाज आहे. त्याच ठिकाणी भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरीही मिळाली. मलबार असो की आपला किनारा, सागाचं जहाज तिथवर गेलं, म्हातारं झालं आणि कोणाच्या तरी भिंतीत गेलं.

आता सुताराकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. त्याच्याकडे रंधा नव्हता. तासायचं ते वाकसानं, गुळगुळीत करायचं ते वाळूच्या दगडानं घासून. करवत तांब्याची, पुढे काशाची. असलं मऊ पातं पुढे रेटलं तर दुमडतं, म्हणून दात मुठीकडे वळवलेले, कापायचं ते ओढताना. लाकूड जमिनीत रोवलेल्या खांबाला उभं बांधायचं आणि वरून खाली कापत यायचं. हे सगळं बघायचं असेल तर मेकेत्रेच्या थडग्यातली सुतारशाळा बघा. १९२० साली हर्बर्ट विनलॉकच्या माणसांना थेबेसच्या डोंगरात एक लपलेली कोठडी सापडली आणि तिच्यात लाकडी छोट्या प्रतिकृती गच्च भरलेल्या: गोठा, कोठार, विणकरांची माडी, होड्या, आणि ही सुतारशाळा. तिच्यात एकजण खांबाला बांधलेलं लाकूड कापतोय, बाकीचे जमिनीवर बसून तासतायत आणि घासतायत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं सारं. निम्म्या प्रतिकृती न्यूयॉर्कला गेल्या, निम्म्या कैरोत राहिल्या. सुतारशाळा कैरोत आहे. इतक्या मोठ्या सरदाराला मेल्यावरही सुतारशाळा बरोबर हवी होती, कारण तिकडेही खुर्ची लागणार आणि ती मोडणार.

भोकं पाडायला धनुकलीनं फिरवायचा सामता होता. सरस होता, आपल्या सुतारांचा असायचा तसाच, चामड्या-हाडांचा. रेखमिरे या वजिराच्या थडग्यातल्या चित्रांत कारागीर काम करतायत आणि जवळच सरसाचं भांडं विस्तवावर ठेवलेलं आहे. माझे वडील सरस तापवायचे तेव्हा घरभर जो वास सुटायचा तो मला ते चित्र पाहिल्याबरोबर आला. डव्हटेल म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा सांधा, कोनात कापून जुळवलेले कोपरे, व्हिनियर म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, सगळं त्यांना येत होतं. जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली एका शवपेटीचा तुकडा सापडला. जेमतेम चार-चार मिलिमीटर जाडीचे सहा थर एकावर एक, प्रत्येकाच्या शिरा आलटून पालटून आडव्या-उभ्या, खुंट्यांनी जोडलेले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं प्लायवूडच ते. अरुंद लाकूड वाकू नये, फुटू नये म्हणून शोधलेला उपाय. भरपूर साग असलेल्या देशात हे कोणाला सुचलं नसतं.

तुटवड्यातून आलेली दुसरी कला म्हणजे झाकायची. सांधे, बुचं, चिखल हे सगळं दिसू नये म्हणून वर कापड चिकटवायचं, त्यावर खडूसारख्या पांढऱ्या पुडीत सरस कालवून लेप द्यायचा आणि मग रंग. तुम्ही ट्यूरिनला खा आणि मेरित यांच्या थडग्यातलं सामान पाहिलंत. १९०६ साली स्क्यापारेल्ली या इटालियन उत्खननकाराला ते जसंच्या तसं सापडलं. खा हा राजाच्या थडग्यांच्या कामावरचा मुकादम, म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणूस. त्याच्या फर्निचरवर आबनूस आणि हस्तिदंत जडवल्यासारखी नक्षी दिसते, ती नीट बघितलीत का? बरीचशी रंगवलेली आहे. आपल्याकडे सनमायकावर सागाच्या रेषा छापतात, तसाच प्रकार. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट राजाच्या सोनेरी सिंहासनापेक्षा खाच्या पेटाऱ्यापाशी मी जास्त वेळ उभा राहतो. राजाकडे पर्याय होते, याला डोकं चालवावं लागलं.

सक्कारा इथे १८६०मध्ये मारिएत या फ्रेंच उत्खननकाराला सापडलेला कापेरचा पुतळा तर झाकणकलेचा नमुना आहे. अंग सिकॅमोरचं, हात वेगळे करून खांद्याशी जोडलेले, वरून लेप. आता लेप बराचसा गळालाय आणि लाकूड दिसतं, म्हणूनच तो इतका जिवंत वाटतो. खोदणाऱ्या मजुरांना त्यात गावचा पाटील दिसला आणि ‘शेख अल-बलद’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. तांब्याच्या कडीत बसवलेले स्फटिकाचे डोळे अजून रोखून बघतात.

लोकांना वाटतं की थडग्यातली प्रत्येक वस्तू थडग्यासाठीच केलेली. तसं नसतं. मान टेकायची लाकडी उशी घ्या: खाली बैठक, मधे खांब, वर चंद्रकोरीसारखा खोबणा. काहींच्या खोबण्यात झिजेची तकाकी असते, म्हणजे ती वर्षानुवर्षं कोणाच्या तरी मानेखाली होती. काहींना ओरखडासुद्धा नसतो, त्या मयताच्या सामानात नव्या कोऱ्या आलेल्या. हे तळ आणि कडा बघितल्याशिवाय कळत नाही. मरणाचा खर्चही हलका नव्हता. देर अल-मदिनाच्या कामगार वस्तीत खापरांवर लिहिलेले हिशेब मिळालेत. कामगाराचं महिन्याचं धान्य साधारण ११ देबेन किमतीचं, आणि साध्या शवपेटीला २० ते ४० देबेन. देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांबं. दोन-तीन महिन्यांचा सगळा पगार एका पेटीत! राजाची व्यवस्थाही कायम सुबक नसे. तुतनखामूनची बाहेरची शवपेटी दगडी पेटीत ठेवल्यावर पायाकडे उंच झाली आणि वरचं दगडी झाकण बसेना. तिथल्या तिथे बोटांचा भाग तासून टाकला. त्या सोनेरी ढलप्या ते थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला दगडी पेटीच्या तळाशी सापडल्या. मी अशी कामं होताना पाहिली आहेत. मुहूर्त टळत चाललेला, पाहुणे दारात, आणि देव्हारा कोनाड्यात शिरत नाही.

आता टिकण्याचं. यात सुताराचं श्रेय थोडं, मंत्रतंत्राचं शून्य. लाकूड वयानं मरत नाही, त्याला कोणीतरी खातं. बुरशीला पाणी लागतं. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती वाढूच शकत नाही. डोंगरात खोल कोरलेल्या, पाऊस न लागणाऱ्या, दार बंद केलेल्या कोठडीत ते त्याच्या खूप खाली राहतं. तुमच्या वाड्याची तुळई जिथे पोखरली ते टोक बहुधा भिंतीत गाडलेलं आणि कौलांची पाणगळ तिथेच असेल. मधला भाग आजही ठणठणीत असेल, ठोकून बघा.

इजिप्तमध्येही वाळवी आहे आणि तिनं भरपूर खाल्लंय. अमार्नाच्या कबरस्तानात काही रंगीत शवपेट्यांचं लाकूड वाळवीनं इतकं संपवलं की जवळपास रंगाचा पापुद्राच उरला. आणि गिझाला हेतेफेरेस राणीच्या भुयारात १९२५ साली रायझनरच्या लोकांना जे दिसलं ते तर विलक्षण. पलंग, खुर्च्या, मंडप सगळं होतं, फक्त लाकूड नव्हतं. ते आक्रसून भुगा झालेलं, आणि त्यावरचे सोन्याचे पत्रे पडले त्या जागी पडून. पोटावर आडवं होऊन चिमट्यानं एकेक पत्रा उचलत, त्याची जागा लिहून ठेवत, त्यांनी सामानाचा आकार परत मिळवला. आज दिसतो तो पलंग म्हणजे जुनं सोनं आणि नवं लाकूड. आपण जे ‘टिकलेलं’ बघतो ते उरलेलं आहे. गेलेलं मोजायला कोणी नाही.

कोरड्या जागेत टिकलेल्या लाकडाला सगळ्यात मोठा धोका बाहेर काढल्यावर असतो. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. वर्षवलयांच्या कडेनं जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. वरचा खडूचा लेप मात्र हलत नाही. लाकूड हललं की लेप सुटतो, रंगासकट. आपल्याकडच्या एका संग्रहालयात (नाव घेत नाही) जुलैमध्ये वातानुकूलन शनिवारी संध्याकाळी बंद करून सोमवारी सकाळी चालू करायचे, वीज वाचवायला. तिथल्या एका रंगवलेल्या लाकडी गरुडाच्या पंखाखाली दर सोमवारी झाडूवाल्या मावशींना रंगाचे कपचे मिळायचे. त्यांनी ते आगपेटीत साठवून ठेवले होते, म्हणून मला ते परत चिकटवता तरी आले. तुतनखामूनच्या बाहेरच्या पेटीलाही हे चुकलं नाही. थडग्यातच राहिलेली ती पेटी सोनेरी लेपाला भेगा पडल्यामुळे २०१९च्या जुलैमध्ये पहिल्यांदा बाहेर आणून दुरुस्तीला घेतली.

कार्टर आणि त्याचा रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी लेप सुटू नये म्हणून कित्येक वस्तूंवर वितळलेलं पॅराफिन मेण ओतलं होतं. आज आम्ही ते मेण काढत बसतो, कारण ते पिवळं पडतं आणि धूळ धरतं. पण त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मेण ओतलं नसतं तर काढायला काही उरलंच नसतं.

आता बाहुली. कार्बन चाचणीचा नाद सोडा. पद्धत उत्तम आहे, १९४९ साली ती तपासून बघताना, ती शोधणाऱ्या लिबीनं घेतलेल्या पहिल्या नमुन्यांत जोसेरच्या थडग्यातल्या बाभळीचं लाकूड होतं. पण ती झाड कधी वाढलं ते सांगते, वस्तू कधी झाली ते नाही. १८७२ साली मोठ्या पिरॅमिडच्या आतून निघालेला सीडरचा तुकडा हरवला होता. तो ॲबर्डीन विद्यापीठात आशियाई वस्तूंमध्ये, सिगारच्या डबीत अबीर एलादानी यांना सापडला. वय निघालं इ.स.पू. ३३४१ ते ३०९४, म्हणजे पिरॅमिडपेक्षा काही शतकं जुनं. पिरॅमिडचं वय त्यानं बदलत नाही. तो तुकडा मोठ्या झाडाच्या गाभ्यातला असेल, किंवा आधी कशात तरी वापरलेला असेल. नकली माल करणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. मोडक्या शवपेटीची फळी घ्यायची, तिच्यातून बाहुली कोरायची, म्हणजे चाचणीत तीन हजार वर्षं निघणार. आणि चाचणीसाठी बाहुलीला भोक पडेल ते वेगळंच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून माझं मत असं. आकार उशब्तीचा आहे. उशब्ती म्हणजे परलोकात मालकाच्या वतीनं शेतात राबायला ठेवलेला चाकर. लाकडी उशब्ती खरोखर असत. पण तुमच्या बाहुलीच्या पोटावरची चित्रलिपी वाचता येत नाही. चिन्हांसारखी दिसणारी नक्षी आहे ती, एक पक्षी तर दोन्ही बाजूंना तोंडं केल्यासारखा. सुवेझ कालव्यातून जाणाऱ्या बोटी पोर्ट सैदला थांबत तेव्हा फेरीवाले होड्या घेऊन बोटीला भिडत आणि अशा वस्तू खपवत. आजोबांनी तिथेच, बहुधा घासाघीस करून, घेतली असणार. माझा कौल प्रवाशांसाठी केलेली वस्तू असाच आहे, पण फोटोवरून शिक्का मारणार नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. डाव्या खांद्यापाशी किड्यांनी पाडलेली भोकं दिसतात. किडा बाहेर येतो तेव्हा पृष्ठभागावर गोल, टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडतं, आणि आतला बोगदा दिसत नाही. कोरलेल्या भागावर बोगदा उभा चिरल्यासारखा, पन्हळीसारखा उघडा दिसला, तर समजा की किडा आधी आला आणि पटाशी नंतर. म्हणजे जुन्या, कीड लागलेल्या लाकडावर नवं कोरीव काम. तुमच्या तिसऱ्या फोटोत खांद्यावर तशी एक पन्हळ असल्याचा मला संशय आहे, पण झोत समोरून मारल्यामुळे नीट कळत नाही.

बाहुली खरी असो वा नसो, तिला तेल लावू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, आत घाम सुटतो. जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात ठेवा. हाताळल्यावर हात धुवा, कारण पूर्वी असल्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून सोमल (आर्सेनिकचं विष) वगैरे चोपडायची पद्धत होती. आणि सकाळी ऊन तिरकं असताना खिडकीजवळ धरून, झोत बंद ठेवून, दोन फोटो काढा: एक खांद्याचा जवळून, एक पायाखालचा. आतापर्यंतचे चारही फोटो समोरचेच आहेत.